इमर्जन्सी वेगळी!

आमच्या मजल्यावरचे आप्पा आयुष्यात एकदाच विमानात बसले. मुलीकडे बंगळूरला जाताना. खिडकी मिळाली नाही, त्याचा राग अजून आहे. पण विमान कुठे उतरवता येतं आणि कुठे नाही, या विषयात अख्ख्या डोंबिवली पूर्वेत त्यांचा हात कोणी धरणार नाही. धरायला कोणी आलेलंही नाही.

ऑफिसात असताना सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दारात उभं राहून ते हाच विषय काढायचे. आता निवृत्तीनंतर सकाळी सात वाजता दूध घ्यायला निघतात आणि जिन्यात गाठतात.

"विमान विमानतळावरच उतरलं पाहिजे, असं कायद्यात कुठे लिहिलंय?"

मी पिशवी खाली ठेवतो. उत्तर द्यायचं नसतं, फक्त पिशवी खाली ठेवायची असते.

"1937 चे नियम, क्रमांक 78. नीट वाचा. नियमित प्रवासी सेवा, किंवा पैसे घेऊन वारंवार ने-आण करायची असेल, तर परवान्याचा विमानतळ हवा. मी माझं छोटं विमान मित्राच्या शेतात एकदाच उतरवलं, तर?"

"आप्पा, तुमच्याकडे विमान नाही. मित्राकडे शेत नाही."

"मुद्दा तत्त्वाचा आहे." मग बोटं मोडत हिशोब सुरू. जागामालकाची संमती. प्रशासनाला, पोलिसांना कळवणं. हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. हवाई संरक्षण मंजुरीचा नंबर. चार बोटं संपतात, दूध तापायला लागतं.

"म्हणजे नाहीच उतरवता येत."

"येतं हो! विचारून!"

1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. त्या सकाळी आप्पांनी मजल्यावर कोणालाही नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत, ही बातमी दिली. वर, "घाबरू नका, जुने नियम तूर्त चालू आहेत," असा दिलासाही. समोरच्या वहिनी खरंच म्हणाल्या, "बरं झालं बाई."

रस्ता दिसला की आप्पा तो पावलांनी मोजतात. सेसना 152 सारख्या लहान विमानाला टेकल्यापासून थांबायला दीडशे मीटर पुरतात म्हणे. त्या हिशोबाने फडके रोड त्यांनी कधीच बाद केलाय. दिवाळी पहाटेला तिथे माणूस उतरू शकत नाही, विमान काय उतरणार! पण 2021 च्या सप्टेंबरात राजस्थानात बाडमेरजवळ महामार्गावर हवाई दलाचं हर्क्युलिस उतरलं आणि आतून गडकरी बाहेर आले, तेव्हापासून कल्याण-शिळ रस्त्याकडे ते आशेने बघतात. खड्डे बघतात आणि मान खाली घालतात.

त्यांची सगळी मदार दोन शब्दांवर आहे : "इमर्जन्सी वेगळी!" 2022 च्या जुलैत इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ वैमानिक मुलीचं विमान आलं, ती थोडक्यात बचावली. आप्पा म्हणाले, "तिथे कोण परवानगी मागत बसणार? इमर्जन्सी वेगळी!" 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं, ते मात्र त्यांच्या लेखी इमर्जन्सीत बसत नाही. "ते झोपेत डोंबिवली समजून ठाकुर्लीला उतरण्यासारखं. दंडच हवा." स्वतः आप्पा साखर असून तिसरा बटाटेवडा उचलतात आणि काकूंनी डोळे वटारले की तेच दोन शब्द.

एका रविवारी मला स्कूटरवर मागे घालून त्यांनी काटई-बदलापूर रस्त्याने नेवाळीला नेलं. मलंगगडाच्या छायेत महायुद्धाच्या काळातला जुना विमानतळ. "हा निकामी विमानतळ. म्हणजे विमानतळ आहे की नाही? इथे उतरलं तर तळावर उतरलो, की शेतात?" प्रश्न त्यांना इतका आवडला की तो त्यांनी बांधावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही विचारला.

म्हातारा तंबाखू मळत होता. सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "तुमी परवानगीचा इचारताव, बरा हाय. पन बेचाळीस सालान इमानं उतरली, तवा आमचे आज्याला कोनी इचारलं?"

लढाईसाठी म्हणून आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या. लढाई संपली, जमिनी परतल्या नाहीत. नौदलाच्या कुंपणावरून 22 जून 2017 ला इथे आंदोलन पेटलं, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. आप्पांनी नियम 78 आठवून पाहिला असावा. ओठ हलले, पण आवाज आला नाही. "इमर्जन्सी" हा शब्द तर त्यांनी गिळलेला मला दिसला. परतताना त्यांनी एकही रस्ता मोजला नाही.

परवा त्यांच्या नातवाचं थर्माकोलचं विमान गॅलरीतून सुटलं, ते थेट समोरच्या बंगल्याच्या अंगणात, तुळशीवृंदावनाशेजारी. फाटक उघडंच होतं. नातू धावत निघाला, तर आप्पांनी कॉलर पकडून त्याला थांबवलं. इस्त्रीचा शर्ट चढवला, खाली उतरून बंगल्याची बेल वाजवली आणि पायरीखालीच उभे राहिले. दहा मिनिटांनी एका हातात विमान, दुसऱ्यात बेसनाचा लाडू घेऊन आले.

"आप्पा, थर्माकोलच्या विमानाला कसली परवानगी?"

"उतरलं ते इमर्जन्सीत," लाडू नातवापासून लपवत ते म्हणाले. "पण अंगण त्यांचं आहे. विचारायला नको?"