नंबर जुळले म्हणून काय झालं!

"काय काकू, टेक्सास मानवलं वाटतं! वजन वाढलंय हं."

"वाढेल नाही तर काय! लेक स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, जावई गाडीशिवाय बाहेर जाऊ देत नाही. उरलं काय, तर कुंपणापाशी उभं राहून शेजाऱ्यांशी गप्पा. ये की अशी जरा भिंतीजवळ, एक मजा सांगते. लेकीच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांना नाद आहे जुन्या रिव्हॉल्व्हरांचा."

"अगबाई! बंदुका? घरात?"

"काचेच्या कपाटात ओळीनं मांडल्यात, आपण दिवाळीला चकल्या मांडू तशा. आणि तिथं त्याचं कुणालाच काही नाही. 1898 पर्यंत बनलेली असेल तर सरकारदरबारी ती पुरातन वस्तू, केंद्राच्या कायद्यात तिला बंदूक म्हणतच नाहीत."

"आमच्या आजेसासऱ्यांकडे होती एक वेब्ली. परवाना, तपासणी, निवडणूक आली की पोलीस चौकीत जमा. शेवटी कंटाळून देऊनच टाकली त्यांनी."

"हां, तर या आजोबांचा जीव कोल्टवर. तीही कुठली, तर 1873 ची सिंगल ॲक्शन आर्मी. सिनेमात काउबॉय कमरेला लावतात बघ, ती. हार्टफर्डच्या कारखान्यात बनायची. पहिल्या खेपेला 1873 पासून 1940 च्या आसपासपर्यंत साडेतीन लाखांवर निघाल्या."

"इतक्या? मग दुर्मीळ कसली डोंबलाची!"

"हेच मी म्हटलं! तर आजोबा हसले. म्हणे निघाल्या पुष्कळ, पण जशी निघाली तशी राहिलेली कुठाय? कुणी नळी कापली, कुणी मूठ बदलली, कुणी निकेलचा मुलामा चढवला. त्यांच्या बायकोच्या माहेरची एक होती. तिच्या भावानं हौसेनं पॉलिश करून, नवा निळा रंग चढवून आणली. लखलखीत! आजोबा म्हणाले, तिथंच किंमत निम्म्याहून खाली आली."

"चांगली दिसते म्हणून?"

"अगं, देवघरातली जुनी समई कुणी मशीनवर घासून आणली तर तिच्यावरची नक्षी जाते की नाही, तसंच. चाकावर घासलं की कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. कोल्टच्या डाव्या अंगावर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात, सप्टेंबर 1871 आणि जुलै 1872, पुढं जानेवारी 1875 चीही घातली. आजोबा आधी त्या तारखा भिंगातून बघतात. आकडा धारदार नसला की पुढं बघायचंच नाही."

"आणि रंग उडालेली, मळकी चालते?"

"चालते काय, तीच हवी! फक्त झीज पटली पाहिजे. चामड्याच्या म्यानात आत-बाहेर होऊन नळीचं टोक आणि सिलिंडरच्या कडा झिजतात. फ्रेमला हाडांच्या आणि कोळशाच्या भट्टीत घालून आणलेले निळे-तपकिरी ढग असतात, ते उन्हानं, हातानं पांढुरके पडतात. पण घोड्याच्या कडेला, आडोशाला थोडे शिल्लक राहतात. आता फ्रेमवर ढग ताजेतवाने आणि मूठ मात्र हातानं गुळगुळीत, असं कसं होईल? आजोबा एकाच्या तोंडावर म्हणाले, ही बंदूक कुणी नुसती मुठीला धरून फिरत होता का?"

"खवट आहेत आजोबा."

"खवट म्हणजे! खरी गंमत तर पुढंच आहे. त्यांचा मेव्हणा, तोच पॉलिशवाला, एका बंदुकांच्या जत्रेतून एक कोल्ट घेऊन आला. आर्टिलरी मॉडेल. चेहऱ्यावर असं तेज, जणू पोराला पहिला नंबर मिळालाय. म्हणे, सगळे नंबर जुळतात! फ्रेमवर, चापाच्या कडीवर, मुठीच्या पट्टीवर, तिन्ही ठिकाणी एकच. वर कंपनीच्या दप्तरातलं पत्र. या नंबरची कोल्ट सैन्याला पाठवली होती असं लिहिलेलं."

"मग झालं तर. कागद आहे, नंबर आहे."

"मीही तेच म्हणाले! आजोबांनी जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला. आधी आत गोळी नाही ना ते पाहिलं. मग तीन नंबर पाहिले, आणि तोंड असं केलं, जणू चहात मीठ पडलंय."

"का पण?"

"ऐक. ही कोल्ट घोडदळासाठी साडेसात इंची नळीची होती. नंतर सैन्यानं हलकी .38 घेतली आणि जुन्या परत मागवल्या. मग 1890 च्या दशकात त्यांच्या नळ्या कापून साडेपाच इंची केल्या, तीच ही आर्टिलरी मॉडेल. काही कापल्या स्प्रिंगफिल्डच्या सरकारी कारखान्यात, काही कोल्टकडे. आता शेकड्यांनी बंदुका सुट्या केल्यावर कुणाचा कुठला भाग हे कोण जपणार? ढिगातून हाताला येईल ते घेतलं, जोडलं, पाठवलं. म्हणून सुरुवातीच्या काही शे सोडल्या, तर आर्टिलरी मॉडेलचे नंबर जुळत नाहीत. जुळू नयेतच!"

"म्हणजे न जुळणं हीच खूण?"

"हो ना! आणि याचे सगळे जुळलेले. आजोबांनी टॉर्च आडवा धरला. चापाच्या कडीवरचा धातू नंबरापाशी किंचित खोल. कुणीतरी मूळचा नंबर घासून काढला आणि फ्रेमवरचा तिथं ठोकला. वर आठाचा आकडाही वेगळ्या ठशाचा. मी स्वतः पाहिला, भिंगातून. एक आठ नीट गळ्याचा आणि दुसरा आपला पोट सुटलेला."

"अरे देवा! म्हणजे बनावट?"

"तेच तर दुःख. बनावट नव्हती गं! नळी खरी, फ्रेम खरी, लाकडी मुठीवर सैन्याच्या तपासनीसाचा ठसा, आर.ए.सी., तोही खरा. चांगली शंभर नंबरी आर्टिलरी होती. कुण्या शहाण्याला वाटलं, नंबर जुळवले की भाव वाढेल. जुळवले आणि वाटोळं केलं."

"आणि कंपनीचं पत्र?"

"ते पत्र नंबराचं, बंदुकीचं नाही. या नंबरची एक बंदूक अमुक साली गोदामातून बाहेर पडली, एवढंच. आज समोर आहे तीच ती, हे कारखान्याच्या वहीला काय कळणार? आणि नंबर चोरणाऱ्यांना नंबर ठाऊक असतातच. अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे ज्या पहिल्या कोल्ट गेल्या, त्यांच्यावर ऐन्सवर्थ नावाच्या तपासनीसाचं ओ.डब्ल्यू.ए. असं असतं. 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर पडला, त्यामुळं त्या ओ.डब्ल्यू.ए.ला सोन्याचा भाव. म्हणून साध्या मुठीवर ती तीन अक्षरं ठोकणारेही निपजलेत."

"पण किती भाव असतो म्हणून इतका आटापिटा?"

"बसतेस का जरा? बिली द किड या डाकूला 1881 मध्ये ज्या कोल्टनं शेरीफ पॅट गॅरेटनं मारलं, ती 2021 च्या लिलावात साठ लाख डॉलरला गेली."

"साठ लाख डॉलर! तेव्हाचा भाव धरला तर चव्वेचाळीस-पंचेचाळीस कोटी!"

"तरी ती मळकी, साधीच. पण तिच्यामागचा कागद पक्का, कुणाकडून कुणाकडे गेली सगळं नोंदलेलं. आजोबा म्हणतात, अशा बंदुका एखाद-दुसऱ्याच, बाकी सगळे शेरीफांचे मामेभाऊ. प्रत्येक विकणारा सांगतो, आमच्या आज्यानं ही अमक्या डाकूकडून घेतली. बंदूक विकत घे, गोष्ट घेऊ नकोस."

"मेव्हण्याचं काय झालं मग? परत केली का?"

"कसली परत! विकणारा तंबू गुंडाळून गेला. आणि मेव्हणा कबूल करायलाच तयार नाही. म्हणतो, तुम्हाला माझं बरं बघवत नाही. आजोबांची बायको दोघांवर चिडलेली, कारण जेवण गार होत होतं. तिनं टेबलावरून बंदूक उचलून सरळ फ्रिजवर ठेवली."

"फ्रिजवर?"

"हो, आणि म्हणाली, आता तुमचे ते दोन आठ जेवण झाल्यावर मोजा. माझ्या जावयाला तर इतकं हसू आलं, की त्याला ठसका लागला. पण लेक माझी काळजीत. नवऱ्याला त्या आजोबांनी भिंग भेट दिलंय ना! परवा फोनवर म्हणत होती, आई, हा रोज रात्री लिलावाचे फोटो मोठे करकरून बघतो, आणि मला विचारतो, हा स्क्रू तुला निळा वाटतो का गं?"

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी बाथरूमच्या नळाचा स्क्रू बघ, तीन महिने गळतोय."