चौक, एकास सत्त्याऐंशी

खेळण्यातली आगगाडी आणून रुळांवर सोडतो तो बाप. त्याच रुळांशेजारचं गवत आषाढातलं दाखवायचं की वैशाखातलं, यावरून ज्याची झोप उडते तो मॉडेल रेल्वेवाला. त्याला गाडीशी फारसं कर्तव्य नसतं. आजूबाजूचं जग खरं दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट असतो.

मराठी माणसाला हा नाद नवा नाही. लिन वेस्टकॉट या अमेरिकी संपादकांनी चुरगाळलेल्या वर्तमानपत्रांवर प्लास्टरमध्ये बुचकळलेले कागदी टॉवेल पांघरून डोंगर करण्याची पद्धत लोकप्रिय केली. आपली पोरं दर दिवाळीत दगडविटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून, वर हळीव पेरून तेच करतात. फरक प्रमाणाचा. किल्ल्यावर वाघ मावळ्याएवढा असतो आणि महाराज दरवाज्याहून उंच. त्यावर कोणाचीही हरकत नसते. मॉडेल रेल्वेवाला मात्र फूटपट्टी घेऊन जन्माला येतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. तिथे गाड्यांइतकंच लक्ष सर्कस आणि ड्राइव्ह-इन थिएटर वेधून घेतात.

अशा एखाद्याच्या मनात उद्या लखनौचा चौक भरला तर? गोल दरवाज्यापासून अकबरी दरवाज्यापर्यंतचा तो जुना बाजार, चिकनची दुकानं, टुंडे कबाबी, सगळं एका प्लायवुडवर. चौकातून रेल्वे जात नाही, ही अडचण किरकोळ. जेवणाच्या टेबलावर रूळ टाकायला रेल्वे बोर्ड नव्हे, घरचं मंडळ परवानगी देतं.

खरी अडचण गणिताची. जगभर सर्वात जास्त चालणारं एचओ प्रमाण म्हणजे एकास सत्त्याऐंशी. एक किलोमीटर रस्ता साडेअकरा मीटर होतो. म्हणजे चौक हॉलमधून निघून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात संपणार. जवळच्या हुसैनाबादचं ६७ मीटरचं घंटाघर या प्रमाणात आणूनही पाऊण मीटर उरतं. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, तेव्हा रुळांमधलं अंतर १९ मिलिमीटरहून थोडं जास्त हवं. बाजारात मिळतं साडेसोळाचं, कारण ते १,४३५ मिलिमीटरच्या विलायती रुळांवर बेतलेलं. त्यावर उभं केलेलं आपलं इंजिन पाय जुळवून प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं दिसतं.

मग विटा. नवाबी इमारती लखौरी विटांच्या, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीच्या. प्रमाणात त्या पाव मिलिमीटरच्याही आत जातात. तयार मिळणारे विटांचे प्लास्टिक पत्रे इंग्रजी किंवा जर्मन विटांचे. ते चिकटवले तर नवाब आसफउद्दौलाची हवेली मँचेस्टरच्या गिरणीसारखी दिसू लागते. म्हणून हा माणूस भिंगाखाली सुईने रेघा ओढतो. नंतर त्याच भिंतीवर शाईचं पातळ पाणी सोडून ती जुनी करतो, कोपऱ्यावर गेरूची पूड चोळून पानाच्या पिचकाऱ्या उडवतो. घराला रंग द्यायची आठवण करून दिली की मात्र त्याची पाठ दुखते.

रुळांखालची खडी घालणं हे तर व्रतच. चाळलेली वाळू कुंचल्याने सारखी करायची. मग पाण्यात कालवलेलं फेव्हिकॉल औषधाच्या ड्रॉपरने थेंबथेंब सोडायचं. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हवाच. नाहीतर पाणी वाळूत न मुरता गोळी होऊन बसतं आणि खडी सोबत उचलून नेतं. सिंकजवळची बाटली वारंवार गायब होऊ लागली, की नवरा अचानक भांडी घासायला लागला असा कोणाचा गैरसमज होऊ नये.

माणसांचं काय? एकोणिसाव्या शतकात लखनौचे कारागीर भिश्ती, शिंपी, न्हावी यांच्या मातीच्या हुबेहूब मूर्ती घडवत. साहेबलोक त्या हौसेने मायदेशी नेत. पण तसला वीतभर उंच भिश्ती या चौकात उभा केला तर तो वीस मीटरचा ठरेल आणि जवळच्या अठरा मीटरच्या रूमी दरवाज्यावर वरून पाणी शिंपडेल. इथे माणूस दोन सेंटिमीटरचा लागतो, आणि तो येतो प्रायझर या जर्मन कंपनीकडून, डोक्यावर हॅट घालून. त्याची हॅट तासून टोपी करायची, कोटाला पांढरा रंग देऊन कुर्ता करायचा. बाईच्या स्कर्टवर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू गुंडाळला की साडी होते. जर्मन गाय तर पाठीने सपाट. पुटीचं वशिंड बसवल्याशिवाय तिला भर रस्त्यात बसण्याचा अधिकार मिळत नाही.

राहिली वाहतूक. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलांडमध्ये बोटाएवढ्या मोटारी संगणकाच्या हुकुमाने धावतात, वळतात, सिग्नलला थांबतात. चौकासाठी असल्या यंत्रणेवर दमडी खर्च करायला नको. गोल दरवाज्यासमोर ई-रिक्षा एकमेकींत तोंडं खुपसून उभ्या करायच्या, मधल्या फटीत एक स्कूटर आडवी घालायची आणि सगळ्यांची चाकं फेव्हिकॉलने पक्की चिकटवून टाकायची.