सांबार वेगळं

मुलुंड असो की बोरिवली, रविवारी संध्याकाळी स्टेशनाजवळच्या उडप्याकडे टेबल मिळायला लोकलमध्ये खिडकी मिळण्याइतकीच पूर्वपुण्याई लागते. आपण शेवटचा घास घेत असतो तेव्हा पुढचं कुटुंब आपल्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं असतं, आणि त्यांच्या डोळ्यांत ‘सावकाश होऊ द्या’चा लवलेशही नसतो. बसल्या बसल्या पाण्याचे ग्लास येतात, पाठोपाठ डोसा, आणि कॉफीचा कप खाली ठेवण्याआधी बडीशेपेच्या वाटीखाली बिल. घाईतल्या माणसांसाठी घाईघाईनेच घडलेली ही जागा. तिथे दोन वर्षांच्या नातीला घेऊन बसलं की कळतं, मुंबईत वेळ अजून भरपूर शिल्लक आहे. तो सगळा या वयाच्या मंडळींनी आपल्या नावावर करून घेतला आहे, इतकंच.

तिच्या जेवणात जेवण सगळ्यात शेवटी येतं. आधी चमच्यांचा आवाज तपासून होतो, मेनूकार्ड उलटं धरून सविस्तर वाचून होतं, टूथपिकची डबी आजीच्या पर्समध्ये जप्त होते. भिंतीवर ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ अशी पाटी असते. नेमकी त्या पाटीखाली बसून आजी पिशवीतून वरणभाताचा डबा काढते, आणि वेटर एकाएकी पंख्याकडे पाहू लागतो. मग तोच म्हणतो, “आजी, बेबीला इडली देतो. सांबार वेगळं, तिखट कमी.” उडप्याच्या सांबाराचं तिखट मागणीनुसार कमी होत नाही, हे तिघांनाही ठाऊक असतं. तो गुपचूप वाटीत गरम पाणी घालून आणतो. त्यात इडलीचा तुकडा बुडतो, वर येतो, पुन्हा बुडवला जातो. सांबारातली कढीपत्त्याची पानं ती चिमटीने एकेक उचलते आणि टेबलाच्या कडेला ओळीने वाळत घालते. पाचवं पान वाकडं पडलं की ओळ मोडून पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही लहानपणी असे नव्हतो. घाटकोपरच्या आमच्या चाळीत हॉटेलात जाणं म्हणजे निकालानंतरचा समारंभ. ऑर्डर देण्याआधी वडिलांची नजर मेनूच्या उजव्या रकान्यातून हळूच उतरत जायची. दोघा भावांत एक मसाला डोसा. त्यातल्या भाजीची फाळणी आई स्वतः करायची. हातपाय हलवायचे नाहीत, इकडेतिकडे पाहायचं नाही. इतके शहाण्यासारखे बसायचो, की आम्ही आलो आणि गेलो, हे तिथे कुणाला कळलंही नसेल. नात मात्र बाकावर उभी राहते आणि पाठीवरच्या फटीतून मागच्या टेबलाला दर्शन देते. मागचे गृहस्थ ऑफिसचा फोन बाजूला ठेवून ‘भॉक’ करतात. स्टीलचा ग्लास घणघणत खाली पडतो, गल्ल्यावरचे शेट मान वर न करता म्हणतात, “असू दे, स्टील आहे.”

शेटच्या डोक्यावरच्या तसबिरीकडे माझं लक्ष गेलं तेव्हा या साऱ्या लाडांचा उगम सापडला. ज्या गावाच्या नावावर ही हॉटेलं चालतात, त्या उडुपीत तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी स्थापलेला कृष्ण हा बाळकृष्ण आहे. एका हातात रवी, दुसऱ्या हातात दोरी. म्हणजे थेट स्वयंपाकघरातून आईची हत्यारं पळवून आलेला. भक्तांनाही तो नऊ झरोक्यांच्या खिडकीतून दिसतो. ए. रामा नायकांनी १९४२ साली माटुंग्याला बोर्डिंग काढलं, त्याला नावही श्रीकृष्णाचंच दिलं. मडकी फोडणं आणि लोणी सांडणं ही ज्या दैवताची ख्याती, त्याच्या माणसांनी काढलेल्या खाणावळीत सांडलेल्या सांबाराबद्दल आपण ओशाळायचं कशाला? पाहुणे खरं तर आपण. मुलं आपल्या घरीच आलेली असतात.

त्या कृष्णाच्या पूजेचा मान दर दोन वर्षांनी आठ मठांपैकी एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पर्याय म्हणतात त्याला. थाट मोठा, पण मुदत ठरलेली. टेबलाखालची शितं गोळा करताना मला तो हिशेब आठवतो. आमच्या घरचा पर्यायही लवकरच संपेल. नात मेनूकार्ड सरळ धरील, खाऊगल्लीत आइस्क्रीम डोसा मिळतो ही बातमी शाळेतून घेऊन येईल आणि हळूहळू शहाण्यासारखी बसू लागेल. शहाण्यासारखं बसायला पुढे उभा जन्म पडला आहे. म्हणून बिल येण्याआधी मी आणखी एक इडली मागवतो. ती कुणी खाणार नाही, हे वेटरला पक्कं ठाऊक असतं. तो अतिशय गंभीरपणे विचारतो, “सांबार वेगळं ना?”