बिनघामाचा पैलवान

डोंबिवली-ठाण्याकडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक माळा असा असतोच, की दिवाळीत आकाशकंदील काढायला स्टुलावर चढलेल्या माणसाच्या डोक्यात आधी एक स्प्रिंग पडते. त्या माळ्याचा मालक म्हणजे बिनघामाचा पैलवान. वय साठीच्या आगेमागे, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, बनियनमधून डोकावणारं सुखवस्तू पोट आणि त्या पोटाविरुद्ध तरुणपणापासून पुकारलेलं युद्ध. हत्यारं मात्र बहुतेक टपालाने मागवलेली. आपण त्यांना नुसतं काका म्हणू.

काका आळशी आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. आळशी माणसाच्या डोक्यात व्यायाम येतच नाही. काकांच्या डोक्यात दुसरं काही येत नाही. फक्त व्यायाम हे काम मशीनकडून करून घ्यायचं असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. त्यांचे वडील पहाटे उठून सूर्यनमस्कार घालत आणि शेवटपर्यंत ताठ चालत. काकांना त्याचा आदर आहे. ‘पण सूर्यनमस्काराला मीटर कुठंय?’ हा त्यांचा सवाल. किती केलं, किती जिरलं, कळायचं कसं?

मीटर त्यांना पहिल्यांदा भेटलं ते बुलवर्करमध्ये. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मासिक उघडलं की जाहिरातीत एक पिळदार तरुण उघड्या अंगाने ती नळी दाबत उभा असायचा. दिवसाला फक्त पाच मिनिटं! दोन हात लांबीची नळी, आत दणकट स्प्रिंग, दोन्ही बाजूंना केबल, आणि जोर किती लागला ते दाखवणारी मोजपट्टी. दोन्ही टोकं धरून दाबायचं आणि सात सेकंद तसंच थांबायचं. ही निव्वळ थाप नव्हती. स्नायू रोज काही सेकंद आवळून धरला तरी ताकद वाढते, असं जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर या संशोधकांनी १९५३ साली मांडलं होतं. काकांनी त्यातले ‘काही सेकंद’ नीट वाचले. ‘रोज’ तेवढं वाचायचं राहिलं.

पण त्यांचा खरा जीव आहे तो थरथरणाऱ्या पट्ट्यावर. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाकडून त्यांनी तो सेकंडहँड उचलला. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत या मशीनची चलती होती. खाली उभं राहायला पाटी, पाटीवर खांब, खांबाच्या डोक्यावर मोटर आणि मोटरला अडकवलेला रुंद पट्टा. पट्टा कमरेमागून घ्यायचा, बटण दाबायचं आणि स्वस्थ उभं राहायचं. ताक घुसळलं की लोणी सुटतं, तशी पोट घुसळलं की चरबी सुटेल, असा त्यामागचा एकंदर विचार. प्रत्यक्षात हलते ती चरबी आणि खर्च होते ती वीज.

पाहुणा आला की चहाच्या आधी प्रात्यक्षिक. पट्ट्यात उभं राहून काका बोलत राहतात, ‘हे-हे-हे ब-ब-बघा, र-र-रक्ताभिसरण...’ चष्मा हळूहळू नाकाच्या शेंड्यावर येतो, शोकेसमधल्या कपबश्या किणकिणू लागतात, आणि खालच्या मजल्यावरचे जोशी छताला झाडूने ठोकतात. आतून काकू ओरडतात, ‘अहो, मिक्सर चालू आहे, फ्यूज जाईल!’ त्या घरात एका वेळी एकतर चटणी होऊ शकते किंवा पोट कमी होऊ शकतं. इतकी वर्षं चटणीच होत आली आहे.

कोणी हसलं की काका त्याला थेट स्टॉकहोमला नेतात. तिथे गुस्ताव झांडर या डॉक्टरने १८६५ मध्ये यंत्रांची व्यायामशाळा काढली. त्यातली काही यंत्रं वाफेच्या जोरावर माणसाचे हातपाय परस्पर हलवून द्यायची. ‘डॉक्टर होता, डॉक्टर!’ मग स्वारी व्हाइट हाउसात. तिथे राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज विजेच्या घोड्यावर रपेट करत. आणि टायटॅनिकवर तर विजेचा घोडाही होता आणि विजेचा उंटही. बोट बुडत असताना कोट्यधीश जॉन जेकब अ‍ॅस्टर पत्नीसह त्या व्यायामशाळेतल्या घोड्यांवर बसून होते म्हणतात. आपण हळहळून काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणतात, ‘आणि दिवे जवळजवळ शेवटपर्यंत चालू होते हो. आपल्याकडे शटडाउनच्या शुक्रवारी असतात का?’

केबल टीव्ही आला आणि मध्यरात्रीच्या जाहिरातींनी काकांची झोप उडवली. मग ती परत आणणारं मशीनही तिथूनच आलं. गादीवर उताणं व्हायचं, घोटे एका डब्यावरच्या खाचांत ठेवायचे. डबा डावी-उजवीकडे हलतो, त्याबरोबर आपण हलतो. झाला मॉर्निंग वॉक. काका त्यावर घोरतात. पोटाला विजेचे झटके देणारा पट्टाही आहे. असे पट्टे विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये फसव्या दाव्यांबद्दल खटले भरले, पट्टे तीन ब्रँडचे. मी ही बातमी दाखवली, तर काका शांतपणे म्हणाले, ‘तीनच ना? माझा चौथ्या ब्रँडचा आहे.’

ट्रेडमिलची कुळकथा मात्र काकूंनी शोधून काढली. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी पायऱ्यांचं चाक बनवलं; त्यावर ते बिचारे तासन्‌तास चढत राहायचे आणि वर कुठेच पोचायचे नाहीत. ‘इंग्रजांनी बंद केलेली सक्तमजुरी तुम्ही हप्त्यांनी घरी आणलीत,’ काकू म्हणाल्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चार हमालांनी ती ट्रेडमिल तिसऱ्या मजल्यावर चढवली. त्या मशीनने कुणाला मनापासून घाम आणला असेल तर त्या चौघांना.

परवा काकूंनी भंगारवाल्याला वर बोलावलंच. सगळ्यात आधी बुलवर्कर निघाला. त्याने तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, ‘शेठ, प्लास्टिकच जास्त आहे. लोखंडाचा भाव नाही मिळणार.’

‘भाव राहू दे, आधी समजून घे,’ म्हणत काकांनी त्याला स्नायूंचं शास्त्र ऐकवलं. मग नळी त्याच्या हातात देऊन छातीशी दाबायला सांगितली. दिवसभर पत्रे, कुलर आणि मोडकी कपाटं खांद्यावरून जिन्याने उतरवणारा तो माणूस. खांद्यावरची गोणी न उतरवताच त्याने दाबलं, तर मोजपट्टी थेट शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली. सात सेकंद झाले तरी तो तसाच उभा. ‘आता सोडू का?’ त्याने विचारलं.

काकांचा चेहरा उजळला. ‘बघितलंस?’ ते काकूंकडे वळून म्हणाले, ‘चाळीस वर्षं झाली, मशीन अजून नव्यासारखं आहे!’ आणि बुलवर्कर पुसून त्यांनी भंगारवाल्यालाच तो माळ्यावर ठेवायला सांगितला.