पावतीकाका

पुण्यात शिक्षणसंस्था जितक्या आहेत, त्याहून त्यांच्यासाठी पैसे मागणारे जास्त. त्यांतले अध्यक्ष, विश्वस्त आणि माननीय सोडून द्या. ते कोनशिलेच्या फोटोत येतात. मी म्हणतो तो गृहस्थ फोटोत कधीच नसतो, कारण त्या वेळी तो मंडपाच्या दाराशी टेबल टाकून पावत्या फाडत असतो. साठी उलटलेली, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची पिशवी, खिशाला दोन पेनं. एक स्वतःला लिहायला आणि दुसरं देणगीदाराला चेक लिहिण्यापुरतं द्यायला. ते टोपणासकट परत घेतलं जातं. सरकारी खात्यातून लेखापाल म्हणून निवृत्त. सदाशिव पेठेत त्याला नाना म्हणतात, कोथरूडला अप्पा. आपण पावतीकाका म्हणू.

काकांचं दैवत अण्णासाहेब कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी, म्हणजे त्यासाठीही, पण मुख्यतः पायपिटीसाठी. हिंगण्याच्या आश्रमातून अण्णा पायी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला यायचे आणि मधल्या वेळात वर्गणी गोळा करायचे, हे काका अशा स्वरात सांगतात की ऐकणाऱ्याला आपल्या दारातल्या मोटारीची लाज वाटावी. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी अण्णांनी पुन्हा एक नवी संस्था काढली आणि पुन्हा पायी फिरायला लागले. काका आत्ता ६८चे आहेत. "म्हणजे अजून दहा वर्षं शिल्लक आहेत हो," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. ते कौतुक नव्हे.

मोठ्या देणगीबद्दल काकांना मूळचाच संशय. अण्णांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले, विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं, इथपर्यंत काका नीट सांगतात. मग आवाज पडतो. १९३६ला विद्यापीठाचा मुख्य कारभार पुण्याहून मुंबईला गेला! "एकाच माणसाकडून १५ लाख घेतले की असं होतं," काका म्हणतात. "१५ लाख माणसांकडून एकेक रुपया घेतला असता तर कुणाची टाप होती हलवायची?" १९३६ साली काकांचा जन्मही झालेला नव्हता. पण दुखावले गेले आहेत ते तेव्हापासूनच.

फर्ग्युसन साहेबावर त्यांचा राग वेगळा आहे. मुंबईचा गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन याने १२०० रुपये दिले आणि १८८५ साली निघालेल्या कॉलेजला त्याचं नाव मिळालं. याहून स्वस्तात पुण्यात आजवर कुणाचं नाव लागलेलं नाही, असा काकांचा हिशेब आहे. त्याच कॉलेजच्या इमारतीसाठी गोपाळ कृष्ण गोखले लोकांची दारं झिजवत हिंडले. महापालिकेने कॉलेजसमोरच्या रस्त्याला रीतसर गोखल्यांचं नाव दिलं आहे, पाटीही आहे. पण रिक्षावाल्याला "नामदार गोखले पथ" सांगून पाहा. देणाऱ्याचं नाव तोंडात आणि मागणाऱ्याचं पाटीवर, हे काकांना आपल्या स्वतःच्या आयुष्यावरचं भाष्य वाटतं. एस. पी.बद्दल मात्र ते काही बोलत नाहीत, कारण ते तिथे शिकले. जमखिंडीकरांच्या दोन लाखांमुळे 'न्यू पूना कॉलेज'चं 'सर परशुरामभाऊ' झालं, याला ते "योग्य मोबदला" म्हणतात.

पण काकांचं खरं शास्त्र दारात दिसतं. कोरं पुस्तक घेऊन ते कधीही आधी आपल्या वाड्यात फिरत नाहीत. भवानी करायची ती डॉक्टरकडे, तीही दवाखान्यात रोगी बसलेले असताना. डॉक्टर सर्वांदेखत एक हजाराच्या खाली येऊ शकत नाही. मग दुसरी पावती वकिलाकडे, तिसरी नुकताच नातू झालेल्या घरी. अशी चार पानं भरली की पुस्तक "लागलं" असं ते म्हणतात. त्यानंतर काका रक्कम तोंडाने उच्चारत नाहीत. नुसतं पुस्तक उघडतात, स्थळप्रती सावकाश उलटतात आणि शेजाऱ्याच्या नावाशी जरा थांबतात. पुणेकर देवाला भीत असेल-नसेल, पण समोरच्या जोशांनी ५०१ दिले आणि आपण १०१ देतोय हे छापील क्रमांकाच्या पुस्तकात कायमचं राहणार, याला तो निश्चित भितो.

चहा ते घेत नाहीत. "चहा घेतला की १०१चे ५१ होतात," हा अनुभवाचा आकडा आहे. खुर्चीच्या कडेवर बसतात, पंखा लावू देत नाहीत. साहेब घरी नाहीत म्हटलं तर "हरकत नाही, मी जिन्यात थांबतो" म्हणतात आणि खरोखर थांबतात. साहेबाला मग दूध आणायलाही जाता येत नाही. एका बंगल्याच्या फाटकावर 'देणगी मागणाऱ्यांस सक्त मनाई' अशी पाटी होती. काकांनी बेल वाजवून सांगितलं, "पाटीचा एक खिळा निघालाय, कुणाच्या डोक्यात पडेल." मालक हातोडी शोधायला आत गेले, काकांनी पाटी धरून ठेवली, आणि पाटी ठोकून होईपर्यंत १५१ची पावती लिहून तयार होती.

माणसांची त्यांनी दोनच जातींत वाटणी केली आहे. "वा वा, फार मोठं कार्य आहे तुमचं" असं म्हणणारा एक पैसा देत नाही. त्याच्याकडे ते दोन मिनिटांहून जास्त थांबत नाहीत. दुसरा म्हणतो, "आधी हिशेब दाखवा." हा खरा. त्याच्यासाठी पिशवीत तीन वर्षांचे ताळेबंद असतात. तो गृहस्थ चष्मा बदलून वाचायला बसतो. इमारतीचा घसारा इतका कसा? लेखापरीक्षक दरवर्षी तोच का? किरकोळ खर्चात चहापान किती? शब्दाला शब्द वाढतो, आतून त्याची बायको डोकावून जाते, दीड तासाने "तुमच्या संस्थेत काही राम नाही" असा निर्णय होतो आणि पाठोपाठ ५०१ रुपये येतात. पुढच्या वर्षी तोच माणूस आपण होऊन विचारतो, "घसाऱ्याचं काय केलंत?" या शहरातल्या निम्म्या इमारती अशा भांडणांवर उभ्या आहेत असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि भांडकुदळ म्हणून आपली जी बदनामी होते तिच्यात या विटा कुणी मोजत नाही.

गेल्या साली काकांच्या हाती मोठी मोहीम आली. मुलींचं एक लहानसं कला महाविद्यालय, वसतिगृहावर एक मजला चढवायचा, २५ लाख हवे होते. प्राचार्या तरुण, लष्कर भागात वाढलेल्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. त्यांनी सुचवलं, आमच्याकडे चर्चच्या फेटमध्ये करतात तसं करू या, खाण्याचे स्टॉल, लॉटरी, हाऊझी. अभ्यास म्हणून काका एका रविवारी लष्करातल्या एका फेटला जाऊन आले. सोरपोतेल खाल्लं नाही, पण हाऊझीचं एक तिकीट घेतलं आणि पहिली ओळ लागून प्लॅस्टिकची बादली जिंकली. परत आले ते अस्वस्थ. "लोक हसत होते हो, मॅडम. पैसे देताना! आणि वर त्यांना काहीतरी मिळत होतं. मग ती देणगी कसली?" बादली त्यांनी महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत चढवली.

शेवटी हाऊझीही झाली आणि पावत्याही. प्राप्तिकराची अडचण आली ती वेगळीच. दोन हजारांवर रोख दिली तर ८० जीची सवलत नाही, हे काका आधीपासून पढवत होतेच. आता नव्या करप्रणालीत गेलेले लोक म्हणू लागले, आम्हाला तर सवलतच नाही, मग द्यायचं कशाला? काका शांतपणे म्हणायचे, "उलट अभिनंदन. आजवर तुम्ही गुंतवणूक करत होता, आता पहिल्यांदाच दान करताय." यावर पुणेरी माणसाला उत्तर सुचत नाही असं क्वचित घडतं, ते घडलेलं मी पाहिलं आहे.

दिवाळीपर्यंत सोळा लाख झाले. भाऊबीजेच्या आसपास फिरू नका, असं काकांनी आपल्या माणसांना बजावलं होतं. त्या दिवसांत कर्वे संस्थेच्या भाऊबीज निधीवाल्यांचा मान. त्यांच्या दारात आपण जायचं नाही. आणि मग एका रात्री न्यू जर्सीहून एका माजी विद्यार्थिनीने फोनवर दोनदा बोट टेकवून उरलेले नऊ लाख पाठवून दिले. प्राचार्या मॅडमनी आनंदाने पेढे वाटले. काकांनी पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

"पावती?" त्यांनी विचारलं.

"ऑनलाइन आपोआप गेली, काका."

"क्रमांक काय?"

क्रमांक होता, पण तो काकांच्या पुस्तकातला नव्हता. तीन दिवस ते महाविद्यालयात फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी कार्यकारी मंडळाच्या सभेला आले, सत्काराची शाल "संस्थेच्या कपाटात राहू दे" म्हणून परत केली आणि पिशवीतून शेवटचं पावतीपुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"यात १७ पावत्या कोऱ्या आहेत."

"उद्दिष्ट पूर्ण झालंय, काका," खजिनदार म्हणाले. "रद्द करून टाकू."

"छापील, क्रमांक घातलेल्या पावत्या रद्द? लेखापरीक्षणात काय लिहिणार? कारण काय देणार?"

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कारण म्हणून "पैसे पुरे झाले" असं कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या नोंदीत आजवर कुणी लिहिलेलं नसावं. मॅडमनी खिडकीबाहेर वसतिगृहाकडे पाहिलं. नवा मजला म्हणजे आता चार जिने चढणं आलं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "लिफ्टला साधारण किती लागतील हो?"

काकांनी खिशातून पहिलं पेन काढलं आणि विचारलं, "तुमच्या ओळखीत एखादा हाडांचा डॉक्टर आहे का?"