पगार तोच, फोन भगवा!

अहो, ऐकलंत का? मुंबईच्या बीकेसीत हाणामारी झाली! पाण्याच्या टँकरसाठी नव्हे, लोकलमधल्या फोर्थ सीटसाठीही नव्हे; फोनसाठी! १९ सप्टेंबर २०२५ ला आयफोन १७ विक्रीला आला आणि रात्रीपासून रांगेत ताटकळलेली शिकलीसवरलेली मंडळी एकमेकांच्या अंगावर धावून गेली. सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. शिव शिव! त्यात सगळ्यांचा जीव अडकला नारिंगी रंगात. आपल्याकडे तो लगेच ‘भगवा’ झाला, हे सांगायला नकोच.

त्यातल्या प्रो मॅक्सची किंमत तेव्हा १,४९,९०० रुपयांपासून पुढे. चार्जर वेगळा घ्यायचा. पण हा आकडा कुणी उच्चारेल तर शपथ! “महिन्याला सव्वासहा हजार फक्त,” असं म्हणायचं. चोवीस हप्ते, बिनव्याजी. नवं मॉडेल दर सप्टेंबरला येतं, म्हणजे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत या फोनच्या पाठीवर दोन भावंडं झालेली असणार!

आमच्या सोसायटीतल्या एका चिरंजीवांचा पगार गणपतीपर्यंत छान होता. साठ हजार, आई लिफ्टमध्ये कौतुकाने सांगायची. दसऱ्याला फोन आला आणि तेच साठ हजार एकदम ‘एवढ्यात काय होतंय हल्ली?’ झाले. कंपनीने एक रुपया कापलेला नाही बरं का! पण फोनला शोभेल असं घड्याळ नको? कानात घालायचं ते नको? आणि असा फोन घेऊन बाइकवरून कसं जायचं, म्हणून परवा चारचाकीचं कोटेशनही आणलं. सोमवारी एचआरकडे पगारवाढीचा अर्ज.

वडील कपाळाला हात लावतात. त्यांनी म्हणे आकुर्डीच्या चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि तोवर सायकलवर सुखी होते. (शेजारच्यांची चेतक आधी आली, तेव्हा किती सुखी होते, ते चिरंजीवांच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारा.)

रिचर्ड ईस्टरलिन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये हेच मांडलं होतं: उत्पन्न वाढतं तशा इच्छाही वाढतात, म्हणून समाधान होतं तिथेच राहतं. आमच्या काकू हे कुकरची शिट्टी होईपर्यंत सांगून मोकळ्या होतात.

तुम्हालाही पगारवाढ मागायची असेल, तर आधी साहेबांच्या हातातला फोन बघून घ्या. भगवा दिसला तर चोवीस महिने विषय काढू नका.