भोंगा झाला, ठेवते

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल दीड तास बंद होतात. 2022च्या ऑगस्टपासूनचा हा शिरस्ता. साडेआठला दुसरा भोंगा, की सगळं पुन्हा सुरू. मुलं अभ्यासाला बसतात याचं लोकांना कौतुक. मला मात्र त्यात आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी दिसते: मधेच तुटलेल्या कामाचं पुढे काय?

साताऱ्याच्या आमच्या आत्याची नणंद त्या गावात दिलेली. बोलणं ऐन रंगात आलं की तिकडून ऐकू येतं, "वैनी, भोंगा झाला, ठेवते." साडेआठनंतर फोन येतो तो पुन्हा "जेवलासा का?"पासून.

संगणकातही असंच होतं. प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, काही मागतो, कीबोर्डवर कुणी अक्षर दाबेल म्हणून ताटकळतो, हा सिस्टिम कॉल. तेवढ्यात सिग्नल येतो, म्हणजे हातातलं काम मधेच अडवणारा इशारा. जुन्या युनिक्स कार्यप्रणालीने अशा वेळी सरळ हात वर केले: 'ईइंटर' नावाची चूक कळवायची, गरज असेल तर प्रोग्राम मागेल पुन्हा. बर्कली विद्यापीठात युनिक्सवर काम करणाऱ्यांना दया आली. 1983च्या 4.2 बीएसडी या आपल्या युनिक्स आवृत्तीत त्यांनी असे कॉल आपोआप नव्याने सुरू करून दिले. मग दुसरी कुरकुर सुरू झाली, की अहो, आम्हाला थांबायचंच होतं! शेवटी प्रत्येक सिग्नलसाठी वेगळी निवड आली. आज तिला 'एसए_रीस्टार्ट' म्हणतात. पायथन भाषेने तर 2015च्या 3.5 आवृत्तीपासून हा व्याप बहुतेक स्वतःच्याच अंगावर घेतला. नव्या पोरांना ईइंटर भेटतच नाही, सुखी आहेत.

माझं मत जुन्या युनिक्सच्या बाजूने. कंट्रोल-सी दाबल्यावर 'आता आवरा' एवढीच नोंद करणारा प्रोग्राम घ्या. कॉल आपोआप परत सुरू झाला, तर ती नोंद वाचायला त्याला उसंतच नाही. बसला पुन्हा कीबोर्डकडे डोळे लावून. चूक झाल्याचा निरोप कटकटीचा खरा, पण तो हाती आला की निदान विचार करता येतो.

तसा कर्नल हिशेबाला चोख. वाचन सुरू होऊन काही बाइट हाती आले असतील, तर चूक न सांगता तेवढ्यांचाच आकडा देतो. ठराविक वेळ झोपण्याच्या 'नॅनोस्लीप' कॉलमधून उठवलं तर किती झोप उरली तेही सांगतो. आमच्या घरी इतक्या सभ्यपणे कुणी उठवत नाही.

गंमत आहे ती फाइल बंद करण्याच्या कॉलची. तो तुटला तरी लिनक्समध्ये फाइलचा क्रमांक आधीच मोकळा झालेला असतो. पुन्हा बंद करायला जावं, तर दरम्यान तोच क्रमांक मिळालेली दुसऱ्याची फाइल बंद व्हायची. म्हणून निरोप एकदाच घ्यावा, असा दंडक. आत्याला हा कायदा लागू नाही. "ठेवू मग?" म्हटल्यावरच त्या दोघींना कुणाचं तरी बारसं आठवतं.